दगडावरची नावे : बंगळूरच्या युद्धकबरींचा शोध आणि त्यांची नोंद

१

बंगळूर या नावाचा आजवर ज्ञात असलेला सर्वांत जुना उल्लेख एका वीरगळावर आहे. शहराच्या दक्षिणेस असलेल्या बेगूर येथील नागेश्वर देवळाच्या आवारात हा शिलालेख आढळला. तो इ. स. ८९० च्या सुमाराचा, म्हणजे गंग राजवटीतला असून आर. नरसिंहाचार यांनी तो उजेडात आणला. 'बेंगळूरु'च्या लढाईत नागत्तर या स्थानिक अधिपतीच्या घरची माणसे पडली, एवढाच त्या हळेकन्नड लेखाचा मुख्य आशय. कोणत्याही राजाने नगर वसवल्याची किंवा दान दिल्याची नोंद त्यात नाही. एका लहानशा लढाईत मरण पावलेल्यांची आठवण राहावी म्हणून दगड उभा केला गेला आणि त्या ओघात एका गावाचे नाव अकराशे वर्षे टिकले.

युद्धात पडलेल्यांच्या स्मारकांचा अभ्यास हा केवळ भावनेचा विषय नाही, हे या एका उदाहरणावरून स्पष्ट व्हावे. स्मारकशिला हे इतिहासाचे साधन आहे. ती मुळात ज्या हेतूने उभारली गेली त्याहून वेगळी आणि पुष्कळदा अधिक मोलाची माहिती ती पुढच्या काळाला पुरवते. तथापि हे साधन कागदापेक्षाही नाजूक ठरते, कारण दगड टिकाऊ असतो या समजुतीने त्याची प्रत करून ठेवण्याची गरज कोणाला भासत नाही. बंगळूरच्या बाबतीत या समजुतीची किंमत मोठी आहे. वीरगळ, दर्गे, समाध्या, लष्करी दफनभूमी, चर्चमधील स्मृतिफलक आणि महायुद्धांचे स्तंभ अशा नाना प्रकारच्या स्मारकांनी हे शहर एके काळी भरलेले होते. त्यांपैकी काही उरली, काही गेली, आणि गेलेल्यांपैकी ज्यांची वेळेवर नोंद झाली तेवढीच आज अभ्यासाला उपलब्ध आहेत. युद्धकबरींचा शोध घेण्याची व त्यांची छायाचित्रे काढण्याची परंपरा या पार्श्वभूमीवर पाहावी लागते.

२

'युद्धकबर' ही संज्ञा वरवर सोपी वाटते. प्रत्यक्षात तिच्या मागे एक प्रशासकीय व्याख्या आहे आणि ती फार जुनी नाही. पहिले महायुद्ध चालू असताना, मे १९१७ मध्ये, ब्रिटिश साम्राज्याने युद्धकबरींसाठी एक स्वतंत्र आयोग स्थापन केला. आज तो राष्ट्रकुल युद्धकबर आयोग म्हणून ओळखला जातो. या आयोगाच्या दृष्टीने ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या दोन कालखंडांत सेवेत असताना मरण पावलेला सैनिक हा युद्धमृत होय. मग तो तोफेच्या गोळ्याने मेला की इस्पितळात विषमज्वराने, हा भेद केला जात नाही. याउलट १ सप्टेंबर १९२१ रोजी मरण पावलेल्या सैनिकाची कबर त्याच दफनभूमीत, त्याच रांगेत, त्याच पलटणीच्या माणसाशेजारी असली तरी ती युद्धकबर ठरत नाही.

या व्याख्येचा बंगळूरसारख्या शहरावर विशेष परिणाम होतो. येथील बहुसंख्य लष्करी कबरी १९१४ पूर्वीच्या आहेत. म्हैसूरच्या युद्धांत पडलेले, ब्रह्मदेश व अफगाणिस्तानच्या मोहिमांतून आजारी होऊन परतलेले, छावणीतल्या पटकीने गेलेले असे सारे मृत आयोगाच्या कक्षेबाहेर राहतात. त्यांची देखभाल करण्याची जबाबदारी निश्चितपणे कोणाचीच नाही. त्यामुळे संशोधकाला युद्धकबर या शब्दाचा व्यापक अर्थ घ्यावा लागतो. युद्धाने किंवा युद्धसेवेने ज्याचा अंत घडवला त्याची खूण जेथे आहे ती जागा, मग तेथे देह असो वा नसो, असा तो अर्थ होय.

असा अर्थ घेतला की मराठी वाचकाला ओळखीची असलेली सामग्रीही त्यात येते. महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही प्रदेशांत वीरगळांची दाट वस्ती आहे. एस. शेट्टर व गुंथर सोंथायमर यांनी संपादित केलेला व १९८२ मध्ये धारवाडहून प्रसिद्ध झालेला स्मारकशिलांवरील ग्रंथ या दोन्ही प्रदेशांना एकत्र पाहतो, ते उगीच नव्हे. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरांनी उचलून नेलेला वीर आणि वरच्या चौकटीत शिवलिंगापुढे बसलेला तोच वीर ही मांडणी सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना सारखीच आढळते. पुढे समाधी, छत्री आणि वृंदावन हे प्रकार रूढ झाले. बंगळूर ज्यांच्या जहागिरीत होते त्या शहाजीराजांचा १६६४ मध्ये शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून अंत झाला. त्यांची समाधी आजच्या दावणगेरे जिल्ह्यात, चन्नगिरी तालुक्यातील होदिगेरे येथे आहे. आपल्या मुलखापासून दूर मरण आलेल्या माणसाची आठवण त्याच जागी दगडाने धरून ठेवावी, ही रीत युरोपीय लोक येथे येण्यापूर्वीची आहे.

३

बंगळूरच्या युरोपीय युद्धकबरींची सुरुवात १७९१ च्या वेढ्यापासून होते. तिसऱ्या म्हैसूर युद्धात लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या सैन्याने ७ मार्च १७९१ रोजी बंगळूरची पेठ घेतली आणि २१ मार्चच्या रात्री चांदण्यात किल्ल्यावर हल्ला करून तो जिंकला. पेठेच्या दरवाज्यावर लेफ्टनंट कर्नल मूरहाउस मारला गेला. किल्ल्याचा वृद्ध किल्लेदार बहादूर खान तटाच्या खिंडारापाशी लढताना पडला. या दोन मृत्यूंच्या स्मृतीचे पुढे जे झाले त्यात बंगळूरच्या सर्व स्मारकांचे भवितव्य सूत्ररूपाने दिसते.

वेढ्यात पडलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांसाठी किल्ल्यालगत एक लहान दफनभूमी तयार झाली. कॉर्नवॉलिसच्या सैन्याबरोबर आलेला चित्रकार रॉबर्ट होम याने तिचे चित्र काढले व ते १७९४ मध्ये लंडनला प्रसिद्ध झालेल्या त्याच्या म्हैसूरविषयक चित्रसंग्रहात समाविष्ट केले. मूरहाउसच्या मृत्यूचे त्याचे मोठे चित्र लंडनच्या राष्ट्रीय लष्करी संग्रहालयात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ही दफनभूमी भिंत, फाटक व सुरूच्या झाडांसह सांभाळलेली होती. नंतर किल्ल्याचा परिसर बदलत गेला, रस्ते आले, इस्पितळे आली, बाजार वाढला. आज तिची कोणतीही खूण जागेवर नाही. वेढ्यातील मृतांची नावे असलेला एक उंच स्मृतिस्तंभ महानगरपालिकेच्या कार्यालयाजवळ उभा होता. परकीय सत्तेचे चिन्ह म्हणून त्याच्याविरुद्ध चळवळ झाली आणि १९६४ मध्ये महानगरपालिकेने तो पाडला. त्यावरील मजकूर आधीच उतरवून घेतला गेला होता, म्हणूनच ती नावे आज वाचता येतात. होमचे चित्र व ही नक्कल नसती तर एका महत्त्वाच्या वेढ्याची जागेवरची सारी साक्ष नाहीशी झाली असती.

बहादूर खानाची गोष्ट वेगळी झाली. कृष्णराजेंद्र बाजाराच्या परिसरातील एक दर्गा परंपरेने त्याचे दफनस्थान मानला जातो. तेथे आजही चादर चढते, ऊद जळतो, नवस बोलले जातात. येणाऱ्या भाविकांपैकी किती जणांना १७९१ चा वेढा ठाऊक असेल, हा प्रश्न गौण आहे. कबर टिकली, कारण तिच्याशी रोज कोणाचा तरी संबंध राहिला. जेत्यांची दफनभूमी राजसत्तेच्या आश्रयावर उभी होती, ती सत्ता गेल्यावर तिचा आधार गेला. पराभूत किल्लेदाराची कबर लोकांच्या श्रद्धेवर उभी राहिली आणि श्रद्धेला सत्तांतराची बाधा झाली नाही. वीरगळांचेही असेच घडते. ज्या दगडाला गावाने देव मानले तो शेंदराखाली का होईना, सुरक्षित राहतो. ज्याला मानले नाही तो धुण्याचा दगड होतो किंवा बांधात जातो. मात्र पूजेने दगड राखला तरी अक्षरे राखली जातातच असे नाही. तेल आणि शेंदूर यांचे थर साचून लेख दिसेनासा होतो व अभ्यासकापुढे वेगळीच अडचण उभी राहते.

४

याच युद्धात कॉर्नवॉलिसचे मित्र म्हणून मराठी फौजाही कर्नाटकात उतरल्या होत्या. परशुरामभाऊ पटवर्धनांनी धारवाडला वेढा घातला. तो सप्टेंबर १७९० पासून एप्रिल १७९१ पर्यंत चालला. त्यांच्याबरोबर मुंबईकडील इंग्रज पलटणींची कॅप्टन लिटलच्या हाताखालील एक तुकडी होती. पुढे परशुरामभाऊ आणि हरिपंत फडके मे १७९१ च्या अखेरीस श्रीरंगपट्टणनजीक कॉर्नवॉलिसला मिळाले. उपासमारीने आणि गुरांच्या साथीने इंग्रज सैन्य मोडकळीस आले असताना मराठ्यांच्या बाजारातील धान्याने त्यास तारले, हे इंग्रज लेखकांनीही नमूद केले आहे.

या मोहिमेत पडलेल्या मराठी शिपायांच्या कबरी बंगळूरच्या किंवा धारवाडच्या परिसरात शोधून सापडणार नाहीत. हिंदू शिपायाचा देह अग्नीला दिला जाई, रक्षा पाण्यात जाई, आणि सामान्य शिपायासाठी दगड उभा करण्याची प्रथा अठराव्या शतकात क्षीण झालेली होती. परंतु याचा अर्थ मराठी राज्यव्यवस्थेने आपल्या मृतांची नोंद ठेवली नाही असा होत नाही. तिची स्मारके कागदावर आहेत. लढाईनंतरच्या पत्रांत 'कामास आले', 'ठार पडले', 'जखमी' अशा शब्दांनी माणसांची आणि घोड्यांची गणती येते. पडलेल्याच्या मागे राहिलेल्या लहान मुलांसाठी जी नेमणूक करून दिली जाई तिला 'बालपरवेशी' असे नाव होते. वासुदेवशास्त्री खरे यांनी 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'त छापलेले पटवर्धनांचे कागद आणि गो. स. सरदेसाई यांनी संपादित केलेले पेशवे दप्तर यांत या प्रकारची सामग्री विपुल आहे.

येथे दोन संस्कृतींतील फरक स्पष्ट दिसतो. युरोपीय परंपरेत मृताचे नाव जागेशी बांधलेले असते, मराठी परंपरेत ते घराशी बांधलेले असते. पहिल्या परंपरेचा शोध दफनभूमीत घ्यावा लागतो, दुसरीचा दप्तरखान्यात. दोन्हींपैकी केवळ एकीच्या साधनांवर युद्धाचा इतिहास रचला, तर मरणाऱ्यांपैकी अर्धे लोक त्यातून आपोआप वगळले जातात. कॅप्टन लिटलच्या तुकडीबरोबर असलेल्या एडवर्ड मूर या तरुण अधिकाऱ्याने १७९४ मध्ये या मोहिमेचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. तो वृत्तान्त आणि पटवर्धनांची पत्रे शेजारी ठेवून वाचली म्हणजे एकाच वेढ्याच्या दोन भिन्न मृतसूची कशा सिद्ध होतात, याचा प्रत्यय येतो.

५

चौथ्या म्हैसूर युद्धानंतर इंग्रजांचे ठाणे श्रीरंगपट्टणला होते. तेथील हिवतापाने गोऱ्या पलटणींची इतकी हानी केली की १८०९ मध्ये छावणी बंगळूरला हलवण्यात आली. श्रीरंगपट्टणजवळच्या लष्करी दफनभूमीत सुमारे तीनशे कबरी आहेत. इंग्रजांच्या नोकरीतील द म्यूराँ या स्विस पलटणीची माणसे आणि त्यांचे कुटुंबीय तेथे पुरलेले आहेत. त्या स्विस घराण्याच्या वंशजांनी एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पुढाकार घेऊन या जागेचे जतन करवले. ज्या मृतांचा कोणी वारस उरतो त्यांच्या कबरी दुरुस्त होतात, हा अनुभव येथेही आला.

बंगळूर छावणीच्या वाढीबरोबर दफनभूमी वाढत गेल्या. आगरम, होसूर रोड, कल्पळ्ळी या ठिकाणच्या ख्रिस्ती दफनभूमींत आणि सेंट मार्क्स, होली ट्रिनिटी या चर्चच्या भिंतींवर एकोणिसाव्या शतकातील सैनिकी जीवनाचा पट उलगडतो. कबरींवरील वये वाचत गेले की दोन गोष्टी ध्यानात येतात. सैनिक बहुधा विशी-पंचविशीतले आहेत, आणि त्यांच्याभोवती लहान मुलांच्या कबरी मोठ्या संख्येने आहेत. लढाईत मरणाऱ्यांपेक्षा पटकी, अतिसार, विषमज्वर व यकृताचे विकार यांनी मरणाऱ्यांची संख्या कितीतरी अधिक होती. पलटणीने आपल्या सोबत्यासाठी वर्गणी काढून बसवलेल्या दगडावर पलटणीचे नाव, हुद्दा आणि तारीख असे. साध्या शिपायाच्या वाट्याला पुष्कळदा लाकडी क्रूस येई आणि काही पावसाळ्यांनंतर तो नाहीसा होई. त्यामुळे आज दिसणाऱ्या कबरी म्हणजे मृतांचा प्रातिनिधिक नमुना नव्हे. त्यांत अधिकारी व सुस्थितीतील कुटुंबे यांचे प्रमाण वाजवीपेक्षा जास्त आहे. दफनभूमीच्या आधारे समाजेतिहास लिहिणाऱ्याने ही मर्यादा विसरता कामा नये.

येथे दफनाची नोंदवही मदतीला येते. लष्करी धर्मोपदेशक प्रत्येक दफनाची नोंद करीत आणि तिची प्रत मद्रासमार्गे लंडनला जाई. मद्रास इलाख्याच्या या नोंदी ब्रिटिश लायब्ररीत 'एन/२' या मालिकेत जतन केलेल्या आहेत. नाव, वय, हुद्दा, पलटण, मृत्यूची व दफनाची तारीख आणि पुष्कळदा मृत्यूचे कारण इतके तपशील त्यांत मिळतात. नोंदवही सांगते की माणूस पुरला गेला, दगड सांगतो की त्याची आठवण कोणी ठेवली. या दोहोंमधील अंतर हाच संशोधनाचा खरा विषय आहे.

६

पहिल्या महायुद्धात बंगळूरमध्ये मरण पावलेल्या ब्रिटिश सैनिकांचे नाव आणि देह यांची ताटातूट झालेली दिसते. भारतातील असंख्य नागरी व छावणी दफनभूमींत विखुरलेल्या कबरींची कायमची देखभाल अशक्य आहे असे आयोगाने ठरवले. मद्रास युद्ध दफनभूमी १९५२ मध्ये स्थापन झाली. दक्षिण व पूर्व भारतातील ज्या दुसऱ्या महायुद्धातील कबरींची कायम देखभाल होण्याची शाश्वती नव्हती त्या तेथे एकत्र आणण्यात आल्या, व आज तेथे साडेआठशेहून अधिक कबरी आहेत. त्याच आवारातील १९१४-१९१८ च्या स्मारकावर पहिल्या महायुद्धातील एक हजाराहून अधिक मृतांची नावे कोरली गेली. हे मृत मात्र दक्षिणेतील गावोगावच्या दफनभूमींतच राहिले. म्हणजे बंगळूरच्या मातीत असलेल्या सैनिकाचे अधिकृत स्मारक चेन्नईला असू शकते.

महाराष्ट्रात हेच कार्य पुण्याजवळील खडकी येथे झाले. खडकीच्या दफनभूमीत पश्चिम व मध्य भारतातून आणलेल्या दुसऱ्या महायुद्धातील १,६६८ कबरी आहेत. तेथील पहिल्या महायुद्धाच्या स्मारकावर अठराशेहून अधिक नावे असून त्यांतील ६२९ सैनिकांचे अवशेष मुंबईच्या शिवडी दफनभूमीतून जून १९६२ मध्ये खडकीला आणून पुन्हा पुरण्यात आले. मुंबई, पुणे, चेन्नई आणि बंगळूर या चार शहरांच्या नोंदी एकत्र पाहिल्याखेरीज एखाद्या सैनिकाचा माग पूर्ण होत नाही, तो यामुळे.

ज्याचे नाव चेन्नईच्या भिंतीवर आहे त्याची मूळ कबर बंगळूरच्या दफनभूमीत अजून उभी आहे की नाही, हे ठरवण्याचा मार्ग एकच उरतो. तो म्हणजे जागेवर जाऊन रांगेने पाहणे आणि छायाचित्र घेणे. आयोगाच्या सहकार्याने चालणाऱ्या युद्धकबर छायाचित्रण प्रकल्पासारख्या उपक्रमांनी जगभर स्वयंसेवकांकरवी हे काम केले. परदेशातील एखाद्या घरी शंभर वर्षांपूर्वीच्या आप्ताचे नाव तेवढे ठाऊक असते. त्या घराला त्याच्या दगडाचे पहिले दर्शन अशा छायाचित्रातून घडते.

७

परंतु ज्याला दगडच मिळाला नाही त्याचे छायाचित्र कोठून काढणार? भारतीय सैनिकांच्या संदर्भात हा प्रश्न टाळता येत नाही. आयोगाने आरंभी जे तत्त्व जाहीर केले ते हुद्दा, वंश वा धर्म यांवरून मृतांत भेद न करण्याचे होते. प्रत्यक्षात मेसोपोटेमियातील मृतांसाठी १९२९ मध्ये बसरा येथे उभारलेल्या स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली गेली, भारतीयांपैकी अधिकाऱ्यांची नावे आली, आणि सामान्य भारतीय शिपायांची पलटणीच्या नावाखाली केवळ संख्या देण्यात आली. मराठा पलटणींनी ज्या आघाडीवर सर्वाधिक माणसे गमावली त्यांपैकी ही एक आघाडी होती. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, बेळगाव या भागांतील घरांतून गेलेली ही माणसे तेथे अंकरूपाने उरली.

आयोगाने नेमलेल्या विशेष समितीचा अहवाल एप्रिल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या महायुद्धातील ४५,००० ते ५४,००० मृतांचे, मुख्यतः भारतीय, आफ्रिकी आणि इजिप्शियन लोकांचे, स्मरण विषम रीतीने झाले. आणखी किमान १,१६,००० व कदाचित ३,५०,००० पर्यंत मृतांचे नावानिशी स्मरण झालेच नाही किंवा अजिबात झाले नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. आयोगाने त्याबद्दल क्षमा मागितली. हे आकडे लक्षात घेता, एखाद्या शहरातील उभ्या कबरींची संपूर्ण यादी झाली तरी ती त्या शहराच्या युद्धमृतांची यादी ठरत नाही, हे पुन्हा सांगावे लागते.

बंगळूरमध्ये या उणिवेची अंशतः भरपाई करणारी काही स्मारके आहेत. २३ सप्टेंबर १९१८ रोजी हायफा घेणाऱ्या घोडदळांत जोधपूरबरोबर म्हैसूर लान्सर्सही होते. त्यांच्या मृतांचे स्मारक जयचामराजेंद्र नगर भागात आहे. ब्रिगेड रोड व रेसिडेन्सी रोड मिळतात तेथे मद्रास पायोनियर पलटणींचा स्मृतिस्तंभ आहे. रस्ते बांधणाऱ्या, खंदक खणणाऱ्या आणि प्रसंगी लढणाऱ्या या पलटणी १९३३ मध्ये विसर्जित झाल्या. रहदारीच्या गर्दीत उभा असलेला तो दगड हे आता त्यांचे या शहरातील ठळक चिन्ह होय. भारतीय शिपायांची नावे दगडावर येणे किती अर्थपूर्ण असते, याचे मराठी वाचकाला परिचित उदाहरण भीमा कोरेगावच्या स्तंभाचे आहे. त्यावरील 'नाक' हा प्रत्यय असलेल्या नावांवरून महार शिपायांची ओळख पटते आणि इंग्रज सत्तेने आपल्या जयस्तंभावर कोरलेला मजकूर एका समाजाच्या आत्मभानाचे साधन बनतो. नाव कोरणाऱ्याचा हेतू आणि नाव वाचणाऱ्याचा हेतू एक असण्याचे कारण नाही.

८

अशा स्मारकांच्या नोंदीचे काम तीन टप्प्यांत झालेले दिसते. पहिला टप्पा सरकारी होता. बी. एल. राइस यांनी म्हैसूर संस्थानातील शिलालेखांचे 'एपिग्राफिया कर्नाटिका' हे खंड १८८६ पासून प्रसिद्ध केले. बंगळूर जिल्ह्याचा खंड १९०५ चा. त्याच वर्षी जे. जे. कॉटन यांची मद्रास इलाख्यातील थडगी व स्मारके यांवरील लेखांची यादी निघाली. कॉटन यांनी मजकुराबरोबर मृताचे चरित्र देण्याचा प्रघात पाडला, पण 'ऐतिहासिक महत्त्वाची' थडगी तेवढी निवडली. साधा शिपाई त्या निवडीत क्वचितच बसला. दुसरा टप्पा संस्थांचा. थिऑन विल्किन्सन यांनी १९७६ मध्ये स्थापन केलेल्या दक्षिण आशियातील ब्रिटिश दफनभूमींच्या संस्थेने निवड न करता सर्व कबरींची नोंद करण्याचा आग्रह धरला. तिसरा टप्पा डिजिटल छायाचित्रणाचा आहे व तो अजून चालू आहे. बंगळूरच्या मिथिक सोसायटीने २०२१ पासून शहर परिसरातील शिलालेखांचे त्रिमितीय अंकन हाती घेतले. राइस यांच्या खंडांत नोंदलेले कित्येक लेख शहराच्या वाढीत नष्ट झाल्याचे या शोधात आढळून आले आहे.

छायाचित्रणाचे शास्त्र वरवर पाहता सोपे असले तरी त्याला शिस्त लागते. माध्यान्हीच्या उन्हात दगड सपाट दिसतो व झिजलेली अक्षरे लुप्त होतात. सकाळच्या किंवा तिसऱ्या प्रहरानंतरच्या तिरप्या प्रकाशात तीच अक्षरे सावलीने उठून दिसतात. झाडाच्या छायेतील दगडावर आरशाने ऊन टाकावे लागते. अक्षरांत खडू भरणे किंवा शेवाळ काढण्यासाठी आम्ल वापरणे यांनी दगडाची कायमची हानी होते. शिलालेखतज्ज्ञ ओल्या कागदावर शाईचा ठसा घेतात, पण ठिसूळ संगमरवरावर तोही टाळणे इष्ट. प्रत्येक कबरीची तीन चित्रे असावीत: लेखाचे, संपूर्ण कबरीचे, आणि शेजारच्या कबरींसह तिच्या स्थानाचे. यांतील तिसरे चित्र बहुधा घेतले जात नाही, आणि काही वर्षांनी दगड हलला, फुटला किंवा गेला की त्याचीच सर्वाधिक गरज भासते.

बंगळूरच्या कबरींवर स्थानिक ग्रॅनाइट व बाहेरून आणलेला संगमरवर असे दोन्ही दगड आढळतात. ग्रॅनाइटवर कोरलेले अक्षर शतकानुशतके वाचता येते. संगमरवरात शिसे भरून बसवलेली अक्षरे मात्र निखळतात किंवा शिशासाठी काढली जातात आणि मागे केवळ टोचे उरतात. अशा टोच्यांवरून अक्षर ओळखणे व ते नोंदवहीशी ताडून पाहणे हे कष्टाचे काम आहे. त्यात वाचकाच्या अपेक्षेनुसार अक्षर दिसण्याचा धोका असतो. म्हणून जे दिसते ते आणि जे अनुमानाने भरले ते यांत नोंदीतच फरक दाखवणे आवश्यक ठरते. हस्तलिखितांच्या संपादनात मराठी अभ्यासक जो दंडक पाळतात तोच येथे लागू पडतो.

यापुढे एक कठीण प्रश्न आहे. शहरातील दफनभूमींत जागा अपुरी आहे. आज मरण पावणाऱ्या माणसालाही माती मिळाली पाहिजे, आणि दोनशे वर्षांपूर्वीच्या वारसहीन कबरीसाठी ती अडवून ठेवणे सर्वांना पटेल असे नाही. जिवंत समाजाची ही गरज खोटी म्हणता येत नाही. सर्व दगड जागेवर राखणे शक्य नसेल तर कोणता जाऊ द्यावा याचा निर्णय तरी माहितीअंती व्हावा, एवढी अपेक्षा रास्त आहे. नोंद झालेला दगड हलवला गेला तर हानी होते, परंतु नोंद न झालेला गेला तर आपण काय गमावले हेही कळत नाही.

९

बंगळूरमधील राष्ट्रीय सैनिक स्मारकात ७५ फूट उंचीची एक एकाश्म शिला उभी करण्यात आली असून तिला 'वीरगल्लु' असेच नाव दिलेले आहे. स्वातंत्र्योत्तर काळात पडलेल्या भारतीय सैनिकांची नावे त्या परिसरातील शिलापट्टांवर आहेत. त्यांत हुद्द्याचा व प्रांताचा भेद न करता मराठी, कन्नड, पंजाबी, नागा अशी सर्व नावे आली. बसऱ्याच्या भिंतीवर ज्यांच्या पूर्वसूरींची केवळ संख्या लिहिली गेली त्यांना येथे नाव मिळाले, ही गोष्ट लहान नाही.

बेगूरचा दगड आणि हा नवा दगड यांच्यामध्ये अकराशे वर्षांचे अंतर आहे. त्या अंतरात या शहराने गंग, चोळ, विजयनगर, भोसले, वोडेयर, हैदर-टिपू व इंग्रज यांच्या सत्ता पाहिल्या. प्रत्येक सत्तेसाठी माणसे पडली. काहींसाठी वीरगळ उभा राहिला, कोणाची कबर दर्गा झाली, कोणाचे नाव बालपरवेशीच्या कागदात राहिले, कोणाचे परगावच्या भिंतीवर गेले, आणि पुष्कळांचे कोठेच उरले नाही. या सर्वांना एका अभ्यासाच्या कक्षेत आणण्यासाठी कन्नड शिलालेख, मोडी दप्तर, फारसी कागद आणि इंग्रजी दफननोंदी यांचे एकत्र वाचन व्हावे लागेल. ते कोणा एका भाषेच्या अभ्यासकाच्या आवाक्यातले नाही. कर्नाटकातील मराठी कागदांचा अभ्यास करणाऱ्यांनी त्यातील आपला वाटा उचलला, तर १७९१ च्या त्या मोहिमेत धारवाडपासून श्रीरंगपट्टणपर्यंत 'कामास आलेल्या' शिपायांची निदान एक यादी सिद्ध होऊ शकेल. त्यांच्यासाठी दगड नाही, पण कागद आहे आणि तो अजून वाचता येतो.